व्हर्टस जीटी १.५ चा स्टेज १ रिमॅप: खान्देशात करावा की नाही

फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ टीएसआयला एमएच १९, १८ किंवा ३९ ची पाटी लागते न लागते तोच कुणीतरी विचारतंच, "कितली पयस भो?" (किती पळते भाऊ?) लगेच सल्लाही येतो: पुण्याला नेऊन रिमॅप मार, म्हणजे इंजिनच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढव, गाडी दुसरीच होते. गाडी दुसरी होते, यात खोटं काही नाही. पण मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात, इथल्या पंपावरच्या पेट्रोलवर आणि जवळचं चांगलं वर्कशॉप दोन-चारशे किलोमीटर लांब असताना ती तशीच टिकते का, हे आधी पाहायला हवं. हे परीक्षण नेमकं त्यासाठी आहे. स्लाव्हिया, कुशाक आणि टायगुनमधलं १.५ टीएसआय इंजिन हेच आहे, त्यामुळे जवळजवळ सगळं त्या गाड्यांनाही लागू होतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) गाडी असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर बाजारात मिळणारी नेहमीची स्टेज १ फाइल (सुटे भाग न बदलता टाकायची) टाकू नका. मॅन्युअल असेल तर विचार करता येतो, पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, खालच्या आरपीएमला आवरून बनवलेली फाइल मागूनच. डीएसजीसाठीही एक रस्ता आहे, पण तो बहुतेक दुकानदार स्वतःहून सुचवत नाहीत. तो पुढे येईल.

या सेवेत मिळतं काय? इंजिन चालवणाऱ्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब, इग्निशनची म्हणजे ठिणगीची वेळ, पेट्रोलचं प्रमाण आणि टॉर्कच्या मर्यादा यांचे तक्ते असतात. दुकानदार ते बदलून ईसीयूत परत लिहितो. नट-बोल्ट काही हलत नाही. नव्या गाड्यांचे ईसीयू लॉक असतात, म्हणून बऱ्याचदा पहिल्या वेळी ईसीयू काढून टेबलावर अनलॉक करावा लागतो, त्यानंतर गाडी तपासण्यासाठी दिलेल्या ओबीडी सॉकेटमधून फाइल टाकता येते. ईसीयू काढला की त्याच्या कव्हरचं सील आणि कनेक्टर दोन्ही हाताळले जातात. ते काम बेफिकीर हाताने झालं, तर पहिल्या पावसाळ्यात ओलावा आत शिरतो. नावाजलेल्या दुकानात या कामाचे पन्नास हजारांच्या आगेमागे पैसे पडतात. अर्ध्या किमतीत करणारेही सापडतात. ते बहुतेक दुसऱ्याची विकत घेतलेली तयार फाइल टाकतात आणि ती तुमच्या गाडीवर तपासून पाहत नाहीत.

आता आकडे. कंपनीचे आकडे असे: १,४९८ सीसी, १५० पीएस (अश्वशक्तीसारखं ताकदीचं माप) ५,००० ते ६,००० आरपीएमला, आणि २५० न्यूटन-मीटर १,६०० ते ३,५०० आरपीएमला. स्टेज १ च्या जाहिरातीत साधारण १८० पीएस आणि ३०० न्यूटन-मीटरच्या आसपासचे आकडे असतात. लोक १८० कडे बघतात. बघायचं असतं ३०० कडे, आणि ते ३०० किती आरपीएमला येतात त्याकडे.

हे एका साध्या हिशोबाने कळतं. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७,०२३ ने भागा, पीएस मिळतात. मूळ गाडी ३,५०० आरपीएमला २५० न्यूटन-मीटर देते, म्हणजे १२५ पीएस. तिथेच ३०० न्यूटन-मीटर दिले की १५० पीएस. म्हणजे जी ताकद मूळ गाडीत ५,००० आरपीएमला भेटत होती, ती आता ३,५०० ला भेटते. रिमॅपनंतर "पिकअप डबल झाला" असं वाटतं, ते यामुळे. वरच्या टोकाला वाढलेले ३० पीएस रोजच्या रस्त्यावर क्वचितच वापरले जातात. पण मधल्या आरपीएममधली ही वाढ पेडलवर पाय ठेवताच जाणवते आणि गिअरबॉक्सवर सगळा भारही तिचाच पडतो.

तिचा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखू नये. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या ट्रकमागे अडकलेली गाडी दुपदरी रस्त्यावर बाहेर काढायची, तर ६० ते १०० चा वेग महत्त्वाचा. चाकावरचा जोर २० टक्के वाढला, तर तेवढ्यासाठी लागणारा वेळ साधारण सहाव्या हिश्शाने कमी होतो. पाच सेकंदांची सव्वाचार झाली असं धरा. ८० च्या सरासरी वेगाने पाऊण सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीपासून जवळजवळ एका लांब ट्रकइतकं अंतर वाचलं.

हा जोर ज्या गिअरबॉक्समधून जातो, त्याच्याकडे आता वळू. व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिकमध्ये डीक्यू२०० हा सात गिअरचा डीएसजी आहे. त्याचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. एक क्लच १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. या गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. कंपनीने इंजिनही नेमकं २५० वरच आणून ठेवलंय, म्हणजे शिल्लक काही नाही. गोल्फ जीटीआयमधला डीक्यू३८१ ओल्या क्लचचा आहे आणि ४२० न्यूटन-मीटरपर्यंतचा आहे. ३७० न्यूटन-मीटरच्या त्या गाडीला रिमॅप करून परदेशातले लोक वर्षानुवर्षं चालवतात, त्यांचे व्हिडिओ बघून व्हर्टसचा निर्णय घेऊ नका.

डीक्यू२०० वर ३०० न्यूटन-मीटर टाकले की दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स फुटत नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. आधी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला की क्लच क्षणभर घसरतो. ते कानाला कळत नाही, आरपीएम आणि वेग एकत्र लॉग केले, म्हणजे यंत्राने नोंदवले, तरच दिसतं. घसरला की तापतो, तापला की अस्तर चकाकी धरतं, चकाकी धरली की आणखी घसरतो. मग गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येते. त्यातच आपल्याकडची वाहतूक पाहा. अजिंठा चौफुलीला संध्याकाळी सहा वाजता ४० अंशात ताशी ५ किलोमीटरने सरकणारी गाडी म्हणजे कोरड्या क्लचला सतत अर्धवट पकडून ठेवणं. तेलाचा थंडावा नसल्याने तिथली उष्णता बाहेर पडायला फक्त आजूबाजूची हवा आहे, आणि तीही इंजिनखालची. हा त्रास बिन-रिमॅपच्या गाडीलाही होतो. रिमॅपने तो जन्माला येत नाही, पण त्याला बळ नक्की मिळतं. क्लच पॅकची जोडी, बसवायची विशेष हत्यारं आणि नंतरचं अ‍ॅडाप्टेशन (नवे क्लच गिअरबॉक्सच्या संगणकाला ओळखून देणं) हे सगळं धरलं तर खर्च रिमॅपच्या दुपटीच्या पुढे सहज जातो.

वर म्हटलेला रस्ता इथे येतो. डीएसजीवर टॉर्क वाढवू नका, तो जास्त वेळ टिकवा. मूळ फाइलमध्ये ३,५०० नंतर टॉर्क उतरत जातो आणि ५,००० ला साधारण २११ न्यूटन-मीटर उरतात. तिथे २५० च धरून ठेवता आले, तर हिशोब १७८ पीएस सांगतो. छोटा टर्बो इतका दम शेवटपर्यंत धरत नाही आणि उन्हात तर नाहीच, पण २४० जरी टिकले तरी १७० पीएस होतात. गिअरबॉक्सची मर्यादा न ओलांडता वीस पीएस वाढले. ढकलल्यासारखा झटका यात नसतो, म्हणून असली फाइल विकणं दुकानदाराला अवघड जातं आणि पहिल्या फेरीत गिऱ्हाइकही "काही फरक नाही" म्हणतं. पण धुळे-शिरपूर मार्गावर वरच्या आरपीएमला गाडी मोकळी पळते आणि क्लचला त्याचा पत्ताही लागत नाही. दुकानदाराला स्पष्ट शब्दांत सांगा: "कुठल्याही आरपीएमला २५० च्या वर जायचं नाही, फक्त वरचा भाग भरून द्या." तो नाही म्हणाला किंवा टाळाटाळ करू लागला, तर तुमच्या गाडीसाठी तो फाइल बनवत नाही, तयार फाइल चिकटवतोय, असं समजायला हरकत नाही.

मॅन्युअलमध्ये सहा गिअर आणि एकच क्लच प्लेट. तिला २८०-२९० न्यूटन-मीटर झेपतात, जर चालवणारा क्लचवर पाय ठेवून गाडी चालवत नसेल. तपासायची पद्धत सोपी आहे: इंजिन गरम असताना पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण पाय द्या. आरपीएमचा काटा वेगाच्या पुढे झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. रिमॅपच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ही चाचणी करा. आधीच घसरत असेल, तर रिमॅपचा विचार तिथेच थांबवा. इंजिनचे झटके स्प्रिंगांवर झेलणारं ड्युअल-मास फ्लायव्हील आहे, त्यामुळे सहाव्या गिअरला १,३०० वर ओढाताण करून गाडी चालवणं त्याच्या स्प्रिंगांना वाईट.

उन्हाचा मुद्दा बाहेरच्या शहरातले दुकानदार हलक्यात घेतात, म्हणून त्यावर थोडं थांबू. डायनोचे, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राचे, आकडे ज्या मानकाने दुरुस्त केले जातात, त्यातल्या एसएई मानकात हवा २५ अंशांची धरलेली असते. ४४ अंशांच्या हवेत त्यापेक्षा सहा टक्के ऑक्सिजन कमी. टर्बो ही तूट जास्त फिरून भरून काढतो, पण जास्त फिरला की दाबलेली हवा आणखी तापते. या इंजिनचा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा गार करणारा भाग) पाण्याने थंड होतो. त्याचं पाणी वेगळ्या रेडिएटरमधून फिरतं, पण बाहेर ४४ अंश असताना ते पाणी ४४ च्या खाली कसं जाणार? दोन-तीन वेळा सलग जोर लावला की इंजिनात शिरणारी हवा ६० अंशांच्या पुढे जाते. तिथून नॉकिंगची भीती सुरू होते, म्हणजे ठिणगीनंतर ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. मूळ फाइलमध्ये त्यासाठी भरपूर सांभाळून ठेवलेली जागा असते. रिमॅपमध्ये विकली जाते ती बहुतेक हीच जागा.

पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, जळगावची २०० च्या आसपास, आणि उन्हाळ्यात तापमानात पाच-सात अंशांचा फरक सहज. त्यामुळे जानेवारीत पुण्याच्या डायनोवर छान चाललेली फाइल इथे मे महिन्यात तपासलेली नसतेच. तुमची गाडी तिथे राहत नाही, इथे राहते. म्हणून रिमॅप करायचाच असेल तर मार्च ते मे यांदरम्यान करा, किंवा हिवाळ्यात केला असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा लॉग काढा. दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की लॉग पाठवले तर दुरून सुधारित फाइल देणार का आणि ती टाकायचं यंत्र तुमच्याकडे राहणार का. नाहीतर फाइलमधली एक ओळ बदलायला जळगाव-पुणे चारशे किलोमीटर जा आणि चारशे किलोमीटर या.

पेट्रोलचं आता बरंच बदललंय. पंपावर मिळणारं पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे आणि त्याच्या मानकातच किमान ९५ रॉन ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेचं माप) आहे, पूर्वीचं साधं पेट्रोल ९१ चं होतं. त्यामुळे नुसती "९५" ची पाटी बघून जास्तीचे पैसे मोजण्याआधी थांबा. नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल मदतच करतं, कारण वाफ होताना ते हवा थंड करतं. पण त्यात ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल ओतावं लागतं. या इंजिनात ३५० बारने थेट सिलिंडरमध्ये फवारा मारला जातो. रिमॅपने हवा वाढवली आणि वर ई२० ने पेट्रोल वाढवलं, तर ५,००० च्या वर हाय प्रेशर पंपाला पुरेल की नाही, हे पाहावं लागतं. युरोपातल्या ९८ ऑक्टेनवर बनवलेली फाइल इथे जशीच्या तशी टाकू नये, ते यासाठी. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० मिळतं, पण साध्याच्या जवळजवळ दीडपट किमतीत आणि मोजक्याच पंपांवर. शंभर ऑक्टेनवर बनवलेली फाइल घेऊन रात्री साक्रीच्या पुढे टाकी रिकामी झाली, तर जे मिळेल ते भरावं लागतं. फाइल साध्या ई२० वर बनवून घ्या.

आणखी एक धोका कमी आरपीएमला असतो आणि तो नॉकपेक्षा वाईट. टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनात १,४०० ते २,००० आरपीएमला एकदम पूर्ण जोर मागितला, तर तेलाच्या थेंबामुळे मिश्रण ठिणगीच्या खूप आधी पेटतं. याला एलएसपीआय म्हणतात. एका झटक्यात पिस्टनची कडा किंवा रिंगमधली भिंत तुटू शकते. सेन्सर ऐकेपर्यंत नुकसान झालेलं असतं. उपाय दोन. तेल पुस्तकात दिलेल्या फोक्सवॅगनच्या मानकाचं आणि एपीआय एसपी दर्जाचं घाला, कारण एसपीमध्ये एलएसपीआयची चाचणी समाविष्ट आहे. आणि फाइलमध्ये २,००० च्या खाली टॉर्क मूळएवढाच ठेवायला सांगा. लळिंग घाट चढताना किंवा शहाद्याकडून तोरणमाळला जाताना डीएसजी डी मोडमध्ये उगाच वरच्या गिअरला राहतो, तिथे एस (स्पोर्ट) मोड लावा किंवा हाताने एक गिअर खाली घ्या.

रिमॅप झालेल्या गाडीचं तेल १५,००० किलोमीटरची वाट न पाहता ७,५०० ला बदला. स्पार्क प्लग नेहमीच्या मुदतीच्या निम्म्याहून आधी बदला आणि बसवताना फट मोजा. दाब वाढला की मोठ्या फटीतून ठिणगी विझते, मग पूर्ण जोरात इंजिन अडखळतं आणि लोक कॉइल बदलत बसतात. ०.६५ मिलिमीटरच्या आसपासची फट या कामाला बरी.

काम नीट झालंय की नाही, हे कागदावर आणि लॉगवर पाहायचं. डायनोचा कागद हातात आला की आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा: दुरुस्तीचं मानक कोणतं, हवेचं तापमान काय लिहिलंय, आकडा चाकावरचा आहे की इंजिनवरचा. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत चाकापर्यंत येताना १२ ते १५ टक्के ताकद खर्ची पडते. चाकावर १३० पीएस मोजले आणि नुकसान २० टक्के धरलं, तर कागदावर १६२ छापून येतात. काहीच न बदलता १२ पीएस वाढले! म्हणून रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही रन त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये झालेले हवेत. आधीचा रन नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही.

लॉगसाठी ओबीडी सॉकेटला जोडून गाडीचे आकडे वाचणारं ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस पुरेसं आहे. तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० पासून पूर्ण पाय. फागणे-तरसोद चौपदरीवर कायद्याची मर्यादा १०० आहे, तेव्हा रस्त्यावर तिथवरच, त्यावरचे आरपीएम डायनोवर. बघायच्या गोष्टी: चारही सिलिंडरचं इग्निशन किती अंश मागे जातंय, मागितलेला आणि मिळालेला दाब, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, पेट्रोलच्या रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब. इग्निशन दोन-तीन अंश क्षणभर मागे गेलं तर ठीक. पाच अंशांच्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल, तर फाइल जास्त ताणलेली आहे, परत घ्यायला लावा. एकाच सिलिंडरचं सतत मागे जात असेल तर आधी त्याचा प्लग आणि कॉइल बघा. रेलचा दाब मागणीपेक्षा वरच्या आरपीएमला खाली पडत असेल, तर पंप पुरत नाही. कमी भारावर दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर बंद होण्याची सोय रिमॅपनंतरही चालू राहिली पाहिजे. काही जण ती बंद करून टाकतात आणि मग अ‍ॅव्हरेज का पडलं, हे मालकाला कळत नाही.

मूळ फाइलबद्दल एक खाचखळगा. "तुमची ओरिजिनल फाइल आमच्याकडे सेव्ह आहे" असं सांगतात, पण ओबीडीतून बऱ्याचदा गाडीतली फाइल वाचलीच जात नाही. सॉफ्टवेअरचा नंबर बघून सर्व्हरवरून तशीच एक फाइल आणलेली असते. टेबलावर पूर्ण वाचलेली प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्या.

फाइलऐवजी टर्बोच्या सेन्सरला खोटं सांगणारी छोटी डबी मिळते. ती सर्व्हिसआधी काढून ठेवता येते, हे एकच तिचं भूषण. इंजिनला दाब कमी वाटतो म्हणून ते जास्त देतं, पण टॉर्कचं गणित चुकतं, आणि डीएसजीला खोटा टॉर्क कळल्यामुळे तो क्लच कमी दाबून धरतो. डीएसजी गाडीला ही डबी लावूच नका. उघडा कोन फिल्टर बोनेटमधली गरम हवा ओढतो आणि इथली काळ्या मातीची धूळ व कपाशीच्या हंगामातलं उडतं सरकीचं तूस त्यातून आत जातं. मूळ डब्यातला कागदी फिल्टर १०,००० ला बदला, बस. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढणाऱ्या स्टेज २ बद्दल बोलायचंच नाही. पीयूसीत नापास होते, कायद्यात बसत नाही आणि वास थेट केबिनमध्ये.

ताकद वाढवण्याआधी थांबण्याची सोय करा. व्हर्टस जीटीला मागे ड्रम आहेत. वेग ८० वरून १०० झाला की ब्रेकना छप्पन टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५. तोरणमाळ किंवा कन्नड घाट उतरताना हा फरक पायाला जाणवतो. दोन वर्षांनी बदला, शक्यतो पावसाळ्यानंतर, आणि पुढचे पॅड चांगल्या दर्जाचे घ्या. २०५/५५ आर१६ टायर पुरेसे आहेत, पण हवा पहाटे थंड टायरला तपासा. दुपारी तापलेल्या टायरची हवा बघून कमी केली, तर रात्री ती खरोखर कमी असते. जूनच्या पहिल्या सरीत, तेल-धुळीच्या चिखलावर रिमॅपची गाडी दुसऱ्या गिअरमध्येही पुढची चाकं फिरवते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नका.

वॉरंटीबद्दल ऐकीव गोष्टी फार आहेत. गाडी कंपनीच्या ऑनलाइन यंत्रणेला जोडली की सॉफ्टवेअर मूळ आहे का हे तपासलं जातं. बदललेलं आढळलं तर गाडीच्या नोंदीवर टीडी१ हा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सचे वॉरंटी दावे तिथेच अडकतात. सर्व्हिसआधी मूळ फाइल परत टाकली तरी किती वेळा फाइल लिहिली गेली याचा मोजणारा आकडा ईसीयूत राहतो. डीएसजी गिअरबॉक्स वॉरंटीत असणं हीच या गाडीची मोठी ठेव आहे. पन्नास हजारांच्या कामासाठी ती गमावू नये.

कायद्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए (४) नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल मोठ्या अपघाताच्या दाव्यात निघाला, तर दावा नाकारायला कारण मिळतं. ईसीयूतली फाइल सर्व्हेअरला डोळ्यांनी दिसत नाही, पण अपघातानंतर ईसीयू वाचता येतो.

मॅन्युअल गाडी, वॉरंटी संपलेली किंवा सोडायची तयारी, आणि रोजचा प्रवास बहुतांश महामार्गाचा, अशांनी करून घ्यावा. क्रम असा: ब्रेक ऑइल आणि पॅड, ताजं तेल, नवे प्लग, क्लचची चाचणी, आधीचा डायनो रन, मग फाइल. टॉर्क २८० च्या आत, २,००० च्या खाली मूळएवढाच, साध्या ई२० वर. डीएसजी असेल तर वॉरंटी संपेपर्यंत एस मोड आणि चांगले टायर यांवर भागवा. त्यानंतरही ओढ राहिली, तर २५० वर आवरलेली वरच्या आरपीएमची फाइल घ्या. गर्दीत अर्धा मिनिटाहून जास्त थांबायचं असेल तर एन मध्ये टाका, आणि पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी सरकल्यावरच एकदा नीट निघा, इंच-इंच सरकू नका.